घोडीसाठी निवडलेलं कुंपण

काटेरी तारेचा शोध ज्यानं लावला त्यानं घोडा पाळलेला नसणार, असं माझं ठाम मत आहे. गाय-म्हैस तारेला एकदा अंग लावते आणि शहाणी होते. घोड्याचं तसं नाही. घोडा आधी पळतो आणि आपण कशाला घाबरलो याचा विचार नंतर करतो. तारेत पाय अडकला तर तो थांबत नाही, ओढतो, आणि ओढता ओढता कातडीच काय, आतली शीरसुद्धा सोलून काढतो.

माझी घोडी मला तशीच सोललेली मिळाली. बेळगावातल्या एका वरातीवाल्याची ती. गावाबाहेरच्या प्लॉटला त्यानं काटेरी तार मारली होती आणि आत हिला मोकळी सोडली होती. एके दिवशी कुत्री मागं लागली आणि ही तारेत गेली. पुढच्या उजव्या पायाला गुडघ्याखाली हा एवढा चर. लंगड्या घोडीवरून कुठला नवरदेव जाईल? पडण्यापेक्षा अपशकुनाची भीती मोठी. तो तिला मिळेल त्या किमतीला काढायला निघाला होता आणि मी कुणालाही न विचारता ती घेऊन टाकली. बँकेत नोकरी करणाऱ्या, फ्लॅटात एकट्या राहणाऱ्या, पन्नाशीच्या बाईनं घोडी विकत घ्यावी यावर ऑफिसात बरेच दिवस करमणूक झाली. "मॅडम, वर लिफ्टमधनं नेणार काय?" असं एकानं विचारलं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, असं मी त्याला सांगितलं.

तसं घोडं आमच्या घराला नवीन नव्हतं. निपाणीच्या अलीकडं आमचं गाव. ऊस आणि तंबाखूचं रान, आणि जत्रा म्हटली की घोडागाडीची शर्यत. माझे वडील, आप्पा, शर्यतीचा घोडा ठेवायचे. माझा थोरला भाऊ, अण्णा, त्या घोड्याच्या पायांतच वाढला. मीही तिथंच वाढले. फक्त गाडीवर उभं राहायची पाळी त्याच्या वाट्याला आली आणि लीद काढायची माझ्या.

घोडी घेतल्यावर जनावरांच्या डॉक्टरांनी पाय दाबून, वाकवून, चालवून बघितला. ते म्हणाले, "जगेल. चालेल. मोकळ्या रानात मनानं पळेलसुद्धा. पण गाडीला जुंपायची नाही आणि डांबरीवर पळवायची नाही. ही शीर परत गेली तर घोडी गेली." अण्णा माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं मान हलवली होती.

पुढं भाऊबीज आली. दरवर्षी अण्णा ताटात नोट टाकतो आणि मी ती त्याच्याच पोरांच्या हातावर ठेवून येते. त्या वर्षी त्यानं नोट काढलीच नाही. म्हणाला, "वढ्याकडंचा गवताचा तुकडा तुझ्या घोडीला दिला. ऱ्हाऊ दे तिथं जलमभर. मी बघतो तिच्याकडं."

मी निरांजन हातात तसंच धरून विचारलं, "आणि गाडीला?"

"न्हाय जुपायची. ताटात टाकलं म्हंजे टाकलं."

आमच्याकडं ओवाळणीच्या ताटात पडलेलं कुणी परत उचलत नाही. पोराबाळांनासुद्धा ते शिकवावं लागत नाही. बँकेत एखाद्या गिऱ्हाइकाकडून मी चार ठिकाणी सह्या घेतल्या असत्या, वर साक्षीदार मागितला असता. भावाच्या बाबतीत मला ताट पुरलं.

मग मी कुंपणाच्या मागं लागले. पोरीसाठी स्थळं बघावीत तशी मी कुंपणं बघत हिंडले आणि प्रत्येकात खोट काढली. जाळी बघितली, जाळीत खूर अडकतो. निलगिरीचे वासे बघितले. त्यांना खालून वाळवी खाते आणि वरून कंटाळलेली घोडी. शेराचं जिवंत कुंपण फुकटात मिळत होतं, पण शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो, आणि लंगड्या घोडीला आंधळी करायची माझी तयारी नव्हती. तारेत विजेचा झटका सोडणारं मशीन लावा म्हणून दुकानदार हटून बसला. आमच्या ओढ्याकाठी पावसाळ्यात गवत असं माजतं की ते तारेला टेकून सगळा झटका जमिनीत जायचा. शिवाय ती बारीक तार पळत्या घोडीला दिसायची कशी? लोखंडी पाइप सगळ्यांत उत्तम. त्याचा भाव ऐकला आणि दुकानदाराकडंच पाणी मागितलं.

शेवटी उत्तर मिळालं ते निपाणीच्या भंगारबाजारात. साखर कारखान्यात उसाचा चोथा वाहून नेणारे रबरी पट्टे झिजले की भंगारात येतात. जाड, रुंद, काळे. ते उभे चिरून हातभर रुंदीच्या पट्ट्या करायच्या आणि दगडी खांबांना आडव्या ठोकायच्या. घोडी येऊन धडकली तरी पट्टी दबते, कापत नाही. लांबून दिसते. उन्हापावसानं कुजत नाही. खांब आपल्याकडं बांधाबांधाला असतात तेच, खाणीतले. काळ्या मातीत ते पहिल्या पावसाला कलतात, म्हणून खड्ड्यात मुरूम ठासायचा.

यातलं एकेक मी विचारून, वाचून, डोकं खाजवून ठरवलं होतं. पट्टी खांबाच्या आतल्या बाजूला हवी, म्हणजे घोडी रेलली तर ती खांबावर दाबली जाते, उखडत नाही. सगळ्यांत वरची पट्टी तिच्या छातीच्या उंचीला. खालची अशी की लोळताना पाय तिच्याखाली जाऊन अडकणार नाही. आणि चिरलेल्या कडेला जे दोरे सुटतात ते मेणबत्तीनं जाळून बंद करायचे, कारण घोडी ते ओढून ओढून खाते आणि मग पोट बांधतं. रविवारच्या रविवार मी आणि वहिनी त्या पट्ट्यांच्या कडा जाळत बसलो. रबराच्या वासानं डोकं दुखायचं. वहिनी म्हणायची, "वन्सं, लेकराच्या बाळुत्याला बी येवढं कुणी करत न्हाय."

आणि अण्णा! कधी नाही ते माझ्या प्रत्येक म्हणण्याला हो म्हणत होता. हो म्हणत होता एवढंच नाही, वर आपल्या डोक्यातलं घालत होता. फाटक रुंद ठेवूया म्हणाला, वैरणीची गाडी आत यायला पाहिजे. कोपरे नकोत, गोल वळवूया, कोपऱ्यात घोडी कोंडली तर घाबरून उडी मारती. तुकडा चौकोनी घेण्यापेक्षा ओढ्याच्या कडेनं लांबुळका घेऊया, तिला मोकळं वाटंल. आणि कुंपणाच्या आतून कडेकडेनं मुरमाचा पट्टा टाकूया, पावसात चिखलानं तिचा दुखरा पाय घसरायला नको. हे सगळं बरोबर होतं. मी जे जे वाचलं होतं त्यात हेच लिहिलेलं होतं. मी शहरात येऊन जे पुस्तकातून शिकले ते माझ्या भावाला आतूनच कळतं, असं मी ऑफिसात कौतुकानं सांगितलं. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

कुंपण झालं तेव्हा वहिनीनं फाटकाला नारळ फोडला. घोडी आत सोडली. आधी तिनं पट्टी हुंगली, मग फुरफुरली, मग कडेकडेनं एक फेरा चालत घातला. आणि मग पळाली. तो पाय टाकताना ती खूर किंचित बाहेरच्या बाजूला फेकते, तसा फेकत फेकत पळाली. मी रडले. अण्णा बघत होता, त्याचेही डोळे भरले होते. ते अश्रू खोटे होते असं मी आजही म्हणणार नाही. ते कशासाठी होते एवढंच मला तेव्हा माहीत नव्हतं.

एकाआड एक रविवारी मी गावी जायचे. अण्णाचा आग्रह असायचा, "येताना फोन करून ये. स्टँडवर न्यायला येतो, उनात चालत येऊ नको." मला बरं वाटायचं. या वयात आपल्याला कुणी न्यायला येतं याचं बाईमाणसाला फार अप्रूप असतं.

पावसाळा सरला आणि घोडीच्या छातीवरचे केस गेलेले दिसले. आडवा पट्टा, साफ घासलेला. खांद्यापाशीही तसंच. मी घाबरले. अण्णा म्हणाला, "तुझ्या पट्टीला घासती की. खाज सुटती, रेलती आन् घासती."

म्हणजे दोष कुंपणाचा. म्हणजे माझा. त्या रात्री बेळगावला परत येऊन मी विचार करत बसले की रबर खरखरीत आहे, की बोल्टांची डोकी वर आलीत, की पट्टीची उंचीच चुकली? पुढच्या खेपेला कानस घेऊन गेले आणि एकेका बोल्टाचं डोकं घासलं. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूब गुंडाळल्या. तरी केस येईनात. मग वरची पट्टी उतरवून मऊ बाजू आत करून पुन्हा ठोकली. वहिनी पट्टी धरून उभी होती. उन्हानं तिचा चेहरा लाल झाला होता. ती मधेच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वन्सं. किती घासशीला?" मला वाटलं, दमली. मी तिला सावलीत बसवलं आणि एकटीनं राहिलेलं काम पुरं केलं. तिला सगळं माहीत होतं. पट्टी हातात धरून, माझ्याकडं बघत, तिला सगळं माहीत होतं.

कुंपणच शेत खातं, अशी आपल्यात म्हण आहे. माझ्या बाबतीत कुंपण बिचारं निर्दोष होतं. मी मात्र महिनोन्महिने त्यालाच कानशीनं घासत होते.

आमच्या ऑफिसात उचगावचा एक कॅशियर आहे, शर्यतींचा शौकीन. बैलगाडी असो, घोडागाडी असो, त्याच्या मोबाइलवर सगळ्यांचे व्हिडिओ. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यानं फोन माझ्यापुढं धरला. "मॅडम, ह्ये बघा, तुमच्या निपाणीकडची घोडी. लई पळती बघा!"

डांबरी रस्ता. दोन्ही बाजूंना माणसं. मोटारसायकली हॉर्न वाजवत शेजारून पळतायत. मधे एक हलकी गाडी आणि गाडीला घोडी. मी भाकरीचा घास हातात धरून कौतुकानं बघत होते. आणि मग तिनं पुढचा उजवा पाय टाकला. खूर बाहेरच्या बाजूला फेकला.

पाय आधी ओळखला मी. माणूस नंतर. गाडीवर उभा राहून, डोक्याला टॉवेल बांधून, गुलालानं लाल झालेला माझा भाऊ ओरडत होता. आप्पा गेल्यापासून त्याला इतका आनंदात मी कधी बघितला नव्हता. गाडीला जुंपायची नाही आणि डांबरीवर पळवायची नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यानं दोन्ही एकदमच केलं होतं. कॅशियर म्हणाला, "मॅडम, काय झालं?" मी म्हटलं, "तिखट लागलं."

अर्धी रजा टाकून मी स्टँडवर गेले आणि मिळाली त्या बसनं निघाले. या वेळी फोन केला नाही. गावच्या फाट्यावर उतरले तर चहाच्या गाड्यावरचा म्हातारा हसून म्हणाला, "आक्का, पेढं कवा? गावचं नाव काढलं की तुमच्या घोडीनं!" गिरणीपाशी आणखी एक जण म्हणाला, "पयल्या नंबराचं निशाण आणलं, निशाण!" लोक खरंच खूश होते. त्यांना वाटत होतं मीही खूश आहे. गावातल्या कुत्र्यामांजराला ठाऊक होतं, नव्हतं ते फक्त घोडीच्या मालकिणीला.

कुंपणापाशी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. मी कधी अशा वेळी, अशी अचानक तिथं आले नव्हते. फाटक सताड उघडं. आत मुरमाच्या पट्ट्यात चाकांच्या दोन चाकोऱ्या उमटलेल्या, कडेकडेनं, गोल वळणं घेत, पूर्ण फेरा. गाडी उलटू नये म्हणून कोपरे नव्हते. वेग घेता यावा म्हणून लांबुळका आकार होता. खुरांना बसावा म्हणून मुरूम होता. फाटक गाडीपुरतं रुंद होतं. माझे रविवार घालवून, पट्ट्यांच्या कडा जाळून, मी माझ्या भावाला शर्यतीची तालीम बांधून दिली होती. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला तिथं उभं राहिल्यावर कळलं.

घोडी कुंपणाच्या कडेला बांधलेल्या शेडमध्ये होती. उजव्या पायाला हळद-चुन्याचा जाड लेप, त्यावर फडकं. पाय पुरीसारखा फुगलेला. तिनं तो टोकावर टेकवला होता.

अण्णा मागून आला. मला बघून आधी दचकला, मग हसायचा प्रयत्न केला. "फोन तरी करायचास."

"केला असता तर गाडी कुठं लपवली असतीस?"

मी मग जे बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. आप्पांना मधे आणलं, त्याच्या पोरांना आणलं, ताट तर आणलंच. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "घोडी पळायला जलमती गं. तू तिला कुंपणात ठिवून बघत बसणार. मी तिला पळवली. तिला बी हौस हाय. तू बघितलं न्हाईस, गाडी दिसली की कान कशी टवकारती."

"तू ताटात शब्द टाकला होतास."

"व्हय. टाकलावता."

"मग मला विचारायचं तरी."

"इचारलं असतं तर दिली असतीस?"

"नाही."

"मग?" तो म्हणाला.

चोरी केली असती तर चोर म्हणता आलं असतं. त्यानं तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त हात फिरवला होता, तिला माझ्यापेक्षा जास्त वैरण घातली होती. आणि तिचा पाय घालवला होता. वहिनी शेडच्या दारात येऊन उभी होती. तिच्याकडं मी बघितलं तर तिनं पदर तोंडाला लावला. "मी लई सांगिटलं वन्सं," ती म्हणाली. "कुणाला?" मी विचारलं. त्यावर ती पाठ फिरवून घराकडं गेली.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि या वेळी ओरडले नाहीत, त्यामुळं मी जास्त घाबरले. शीर पुरती तुटलेली नव्हती. यापुढं पळणं नाही, मोकळ्या रानातलंसुद्धा नाही, असं म्हणाले. फक्त चालणं, तेही हळू. जांबोटीच्या रस्त्याला माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या गाई आहेत. त्यांनी घोडीसाठी गोठ्याचा एक कोपरा मोकळा करून दिला. पायाची सूज थोडी उतरल्यावर मी टेम्पो घेऊन गावी गेले.

अण्णानं अडवलं नाही. तो बांधावर बसून राहिला. गाडी आता लपवायचं कारण नव्हतं. ती फाटकाशेजारी उभी होती, दोन्ही दांड्या दगडावर टेकवलेल्या. मी फाटकातून हाक मारली, हातावर गूळ धरला. घोडीनं मान वर केली. लंगडत लंगडत आली. माझ्या हातावरचा गूळ तिनं हुंगला, घेतला नाही. ती मला ओलांडून पुढं गेली, गाडीपाशी जाऊन वळली, आणि एकेक पाय मागं टाकत, तो सुजलेला पाय जपत, स्वतःहून दोन दांड्यांच्या मधे जाऊन उभी राहिली. मान ताठ केली. आता छातीवर गाडीचे पट्टे कुणी बांधतंय याची वाट बघत राहिली.

मी तिच्या गळ्यात दोर अडकवून ओढलं. चुचकारलं. ढकललं. टेम्पोवालाही उतरून आला. ती हलेना. अंगभर थरथर, पाय टोकावर, आणि कान मागं वळलेले, बांधाच्या दिशेनं. कुणाच्या तरी आवाजाकडं लागलेले.

त्या माणसाशी जन्मात बोलायचं नाही असं मी टेम्पोत ठरवून आले होते. मी दोर सोडवून घेतला आणि बांधापर्यंत चालत गेले. "अण्णा," मी म्हटलं, "तिला चल म्हण."

तो उठला. त्यानं डोळे पुसले, खाकरला आणि जीभ टाळूला लावून हलकेच टक् टक् केलं. ती लगेच दांड्यांमधून बाहेर आली आणि त्याच्या मागं मागं, दोराशिवाय, टेम्पोपर्यंत गेली. फळीवर चढताना तिनं त्याच्या खांद्याला तोंड लावलं. मी रिकामा दोर घेऊन त्या दोघांच्या मागून चालत होते.